कातडीच्या पेशीतून मेंदूच्या पेशीकडे

वाचकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत मेंदूच्या पेशींचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. अशा अंकात अहवाल असतो, देणगीदारांची यादी असते, परीक्षेचे निकाल असतात. परंतु सिंदफणेच्या काठावरील आपल्या या माजलगाव तालुक्यात असे एखादे खानदान आपणांस ठाऊक असेलच, की ज्यात एक आजार पिढ्यान्पिढ्या वस्तीला आल्यासारखा राहतो. चाळिशी गाठता गाठता माणसाचा हात थरथरू लागतो, बशीतला चहा अंगावर सांडतो, पुढे चाल झोकांड्या खाते, आणि गाव म्हणते, हा पितो. एखाद्या घरी बाळ गोजिरवाणे असते, टकमक पाहते, हसते. पण मान धरीत नाही, बसत नाही, आणि दुसरा वाढदिवस पाहण्याआधीच श्वास अपुरा पडून जाते. पुढचे बाळही तसेच. मग कोणी नजर म्हणतो, कोणी करणी म्हणतो, आणि बहुतेक वेळा सारा दोष त्या बाळाच्या आईच्या माथी मारला जातो.

या आजारांचे मूळ कोठे आहे, ते पाहण्याची वाट माणसाला कशी सापडली, याची हकीकत मी आपणांपुढे ठेवणार आहे. हकीकत लांबची आहे, जपान, इंग्लंड, अमेरिका असा फेरा करून ती मुंबई-दिल्लीला येते, पण तिचा आपल्या घरांशी संबंध आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. काविळीत रक्त तपासता येते, यकृताचा कणभर तुकडा सुईने काढता येतो. मेंदूचे तसे नाही. थरथरणाऱ्या हाताचा दोष लहान मेंदूतल्या ज्या पेशींत आहे त्या जिवंत माणसाच्या डोक्यातून काढून काचेखाली ठेवणे कोणत्याही डॉक्टरच्या हाती नाही. म्हणून मेंदूच्या रोगांचा जुना इतिहास म्हणजे बहुतांशी शवांचा इतिहास आहे. जर्मनीचे डॉ. अल्झायमर यांनी ज्या विस्मरणाच्या रोगाला आपले नाव मिळवून दिले, त्या रोगाची पहिली रुग्ण १९०६ साली वारली, तेव्हा कोठे तिचा मेंदू त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आला. घर जळून गेल्यावर राख चाळून आग कशी लागली हे ओळखावे, तशातला हा प्रकार. ठिणगी कोठे पडली हे राखेवरून क्वचितच कळते.

मात्र राख न चाळताही काही माणसांनी पुष्कळ ओळखले. अमेरिकेतील लाँग आयलंड बेटावर हंटिंग्टन नावाचे डॉक्टर घराणे होते. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, आणि जॉर्ज हंटिंग्टन हा नातूही डॉक्टर. त्या भागातील काही कुटुंबांत प्रौढ वयात अंग आपोआप वेडेवाकडे हालू लागे आणि बुद्धी ढासळे. तीन पिढ्यांच्या पाहणीचा आधार घेऊन जॉर्जने १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आईबापांपैकी एकास रोग असेल तर मुलांत तो येतो, पण एखाद्या मुलात आला नाही तर त्याच्यापुरता धागा तुटतो, त्याच्या नातवंडांत तो पुन्हा उगवत नाही, हे त्याने नेमके टिपले. त्या काळी जनुक हा शब्दही नव्हता. आपल्याकडच्या दाई आणि हकीम यांनाही अशी घराणी माहीत असत. फरक इतकाच की त्यांनी लिहून ठेवले नाही. हंटिंग्टनच्या रोगाचे जनुक सापडायला मात्र १९९३ साल उजाडले.

जनुक सापडले म्हणजे रोग समजला असे नव्हे. चोराचे नाव कळले, पण त्याने चोरी कशी केली ते कळले नाही. त्यासाठी त्याच रोग्याची जिवंत चेतापेशी डोळ्यांसमोर हवी.

शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या तशी जुनी आहे. १९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेताउतीचा कण द्रवाच्या थेंबात ठेवला आणि त्यातून चेतातंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. १९५१ साली बाल्टिमोर येथील इस्पितळात हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी काढल्या गेल्या. त्या काचेच्या नळीत इतक्या जोमाने वाढल्या की जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या, पोलिओच्या लशीच्या चाचण्यांत उपयोगी पडल्या. परंतु तिला कोणी विचारले नव्हते. ती त्याच वर्षी वारली आणि तिच्या मुलांना ही गोष्ट वीस वर्षांहून अधिक काळानंतर कळली. २०२३ साली एका कंपनीने त्या कुटुंबाशी तडजोड केली, म्हणजे बहात्तर वर्षांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता मुख्य प्रश्न. कातडीची पेशी सहज मिळते, रक्ताची मिळते. तिच्यापासून मेंदूची पेशी करता येईल काय? शंभरात नव्व्याण्णव शास्त्रज्ञ एके काळी नाही म्हणत. एकदा कातडी झालेली पेशी कातडीच राहणार, अशी समजूत होती. ती समजूत प्रथम हलवली इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी. हे गर्डन शाळेत जीवशास्त्रात वर्गात तळाशी होते, आणि १९४९ साली त्यांच्या शिक्षकाने प्रगतिपुस्तकात लिहून दिले होते की या मुलाने शास्त्रज्ञ होण्याचा विचार करणे हास्यास्पद आहे. (आपल्या शाळांतील गुरुजनांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) गर्डन यांनी ते प्रगतिपुस्तक पुढे आयुष्यभर जपून ठेवले. १९६२ साली त्यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात बसवले, आणि त्यातून पोहणारी बेडकाची पिले जन्मली. अर्थ असा की आतड्याच्या पेशीत सबंध बेडूक घडवण्याची माहिती शाबूत होती.

हे कसे, ते आपल्या ओळखीच्या दाखल्याने सांगतो. समजा, प्रत्येक तलाठ्याच्या सज्जात सबंध तालुक्याचे दप्तर ठेवले आहे, पण प्रत्येकाला किल्ली फक्त आपल्या गावाच्या कपाटाची दिली आहे. कातडीच्या पेशीत मेंदूचे दप्तरही असते. कपाटाला कुलूप असते एवढेच. गर्डन यांनी कुलूप उघडते हे दाखवले, पण त्यासाठी सबंध अंडे वापरावे लागले. अंड्यातल्या नेमक्या किल्ल्या कोणत्या?

त्या सापडल्या जपानमध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. शिन्या यामानाका हे मूळचे हाडांचे शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेत हात इतका संथ की सोबतचे डॉक्टर त्यांच्या नावाची मोडतोड करून त्यांना ‘अडथळा’ म्हणत. ते संशोधनाकडे वळले. गर्भावस्थेतील मूळ पेशींत, ज्यांना इंग्रजीत स्टेम सेल म्हणतात, जागी असणारी २४ जनुके त्यांनी निवडली आणि सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी ती सर्व एकदम उंदराच्या कातडीच्या पेशींत सोडली. काही पेशी खरोखर मूळ पेशीसारख्या झाल्या. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. चोवीसमधून दर खेपेस एकच वगळायचे आणि तेवीस घालायची. ज्याच्यावाचून काम अडते ते आवश्यक. असे गाळता गाळता शेवटी चार उरली. फक्त चार! २००६ साली हा शोध उंदरावर, आणि २००७ साली माणसाच्या पेशींवर जाहीर झाला. त्याच वेळी अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांच्या गटानेही ते साधले. याच थॉमसन यांनी १९९८ साली मानवी गर्भापासून मूळ पेशी काढल्या होत्या आणि त्यावरून धर्म-नीतीचे मोठे वादळ उठले होते. नव्या रीतीत गर्भाला हात लावावा लागत नाही. २०१२ साली गर्डन आणि यामानाका यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथून आपल्या विषयाला खरे तोंड फुटते. रोग्याच्या हाताच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा किंवा थोडे रक्त घ्यायचे, त्या पेशी चार किल्ल्यांनी मागे न्यायच्या, आणि मग योग्य द्रव्ये योग्य क्रमाने देऊन त्यांना चेतापेशी व्हायला लावायचे. काही महिन्यांत काचेच्या बशीत त्याच रोग्याची, त्याच्याच जनुकांची, त्याच दोषाची चेतापेशी तयार होते. डोके उघडावे लागत नाही. राख चाळण्याऐवजी ठिणगी पडताना पाहता येते.

२००८ साली अमेरिकेतील हार्वर्ड व कोलंबिया विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस रोगाच्या ८२ वर्षांच्या वृद्धेच्या कातडीपासून चेतापेशी केल्या. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००९ सालचा प्रयोग, कारण तो आरंभी सांगितलेल्या मान न धरणाऱ्या बाळाचा आहे. त्या रोगास स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एसएमए, म्हणतात. पाठीच्या कण्यातील स्नायू हलवणाऱ्या पेशी त्यात मरत जातात. त्याचे जनुक १९९५ साली पॅरिस येथे सापडले होते. विस्कॉन्सिनमध्ये क्लाइव्ह स्वेंडसेन यांच्या गटाने एका रोगी मुलाच्या आणि त्याच्या निरोगी आईच्या, दोघांच्याही कातडीपासून चेतापेशी घडवल्या. आरंभी दोन्ही बशांत पेशी सारख्याच उगवल्या. काही आठवडे गेले आणि मुलाच्या बशीतील पेशी संख्येने घटू लागल्या, आकाराने खुरटल्या. आईच्या तग धरून राहिल्या. म्हणजे पेशी जन्मतच नव्हत्या असे नाही, जन्मून टिकत नव्हत्या. ज्याला अजून मारायचे आहे तिला वाचवता येते, जी झालीच नाही तिला कसे वाचवणार? उपचाराची आशा या एका फरकात होती.

पुढे २०१४ साली तोंडाने घेण्याच्या काही औषधांची कसोटी रोग्यांपासून केलेल्या अशाच चेतापेशींवर लागली. एसएमएच्या रोग्यात मूळ जनुक नादुरुस्त असले तरी त्याचे एक जुळे जनुक अर्धवट काम करीत असते. ही औषधे त्या जुळ्याला पुरे काम करायला लावतात. त्याच कुळातील रिसडिप्लाम हे औषध २०२० साली अमेरिकेत मंजूर झाले. आपणांस आठवत असेल, २०२१ साली मुंबई-पुण्यातील चिमुकल्यांना याच रोगावरील १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्राने लोकवर्गणी जमवली होती. ते इंजेक्शन वेगळे, पण रोग हाच. रिसडिप्लामच्या बाबतीत २०२५ साली परदेशी कंपनीने भारतीय औषध रोखण्यासाठी मागितलेली मनाई दिल्ली उच्च न्यायालयाने दिली नाही, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि भारतीय बनावटीचे औषध बाजारात आले. तरीही ते जन्मभर घ्यावयाचे आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घराच्या आवाक्यात ते आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९१ साली मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विचित्र आजाराची मुले नोंदली. पहिल्या वर्षात डोके अवास्तव वाढते, चालणे उशिरा येते, पुढे हातपाय ताठरतात, फिट येतात. पण बुद्धी बरीच वर्षे शाबूत राहते. मेंदूच्या चित्रात पांढरा भाग सुजलेला दिसतो. ही मुले बहुतांशी अगरवाल समाजातील होती. १९९५ साली नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी हाच रोग स्वतंत्रपणे वर्णिला आणि २००१ साली त्याचे जनुक सापडले. अगरवाल मुलांत बहुधा एकाच जागी एकच जास्तीचे अक्षर आढळते. म्हणजे कोणा एका पूर्वजाच्या दप्तरात झालेली लेखनचूक बिरादरीतल्या बिरादरीत सोयरिकी होत राहिल्याने आजवर नकलून येत आहे.

याच समाजात दुसराही एक आजार आढळतो, तो म्हणजे आरंभी सांगितलेल्या थरथरत्या हाताचा. त्याला स्पायनोसेरिबेलर अटॅक्सियाचा बारावा प्रकार म्हणतात. १९९९ साली तो प्रथम अमेरिकेतील जर्मन वंशाच्या एका कुटुंबात ओळखला गेला. नंतर दिल्लीच्या डॉक्टरांना व शास्त्रज्ञांना तो उत्तर भारतात, विशेषतः हरियाणाकडील मूळ असलेल्या अगरवाल घराण्यांत, पुष्कळ आढळला. पाचव्या गुणसूत्रावर तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो साधारण ३२ वेळांपर्यंत असतो, बहुतेक रोग्यांत ५० च्या वर. गंमत अशी, की हा तुकडा प्रथिनाचा मजकूर जेथे लिहिलेला असतो त्या भागात नाहीच, त्याच्या आधीच्या कोऱ्या समासात आहे. समासातल्या गिचमिडीने मजकूर कसा बिघडतो? मेलेल्या मेंदूवरून हे ठरवणे कठीण, आणि उंदराचे जनुक माणसाचे नव्हे. म्हणून दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या सरकारी संस्थेत मिताली मुखर्जी, मोहम्मद फारूक व सहकाऱ्यांनी २०१८ साली तीन रोग्यांच्या पेशींपासून मूळ पेशींचे तीन वाण तयार करून जगापुढे ठेवले. त्यांत दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटचे डॉक्टर आणि बंगळुरूचे शास्त्रज्ञ सहभागी होते. समासाचे कोडे पुरते सुटलेले नाही. काम चालू आहे. बंगळुरू येथे निम्हान्स व अन्य संस्थांनी २०१६ पासून मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या पेशी अशाच रीतीने जतन करण्याचे मोठे काम हाती घेतले. तेथेही रोगी आणि त्याचे निरोगी भाऊबंद, दोघांच्या पेशी घेतात, कारण तुलना केल्याशिवाय दोष दिसत नाही.

या पेशींना मर्यादा नाहीत असे समजू नका. बशीतली चेतापेशी वयाने गर्भातल्या बाळाच्या पेशीएवढी असते. चाळिशीत उगवणारा रोग तिच्यात लवकर दिसेलच असे नाही. बशीत मेंदू नसतो, मेंदूची माती असते. आणि सर्वांत मोठा घोटाळा पुढेच आहे. हे सारे रोग समजून घेण्याचे साधन आहे, इलाज नव्हे. परंतु ‘स्टेम सेल’ या दोन शब्दांचा व्यापार शहरांत जोरात चालला. लुळे मूल चालेल, मंद मूल बोलेल, अशा जाहिराती वाचून लोकांनी जमीन गहाण टाकून इंजेक्शने घेतली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे की रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे मूळ पेशींचे रोपण सोडले, तर इतर वापर हा केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. आणि अशा चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कोणी मेंदूच्या आजारासाठी स्टेम सेलचे दरपत्रक पुढे केले, तर उठून यावे.

उलट संशोधनासाठी कोणी रक्त मागितले, तर घाईने नाही म्हणू नये. पण हेन्रिएटा लॅक्सची आठवण ठेवावी. संमतिपत्र आपल्या भाषेत, मराठीत वा उर्दूत, वाचून दाखवायला सांगावे. पेशी कोठे राहणार, नाव गुप्त राहील काय, मागाहून नकार देता येईल काय, हे विचारावे. विचारण्याचा हक्क आहे.

राहता राहिला नाजूक विषय. एसएमए किंवा मुंबईतील त्या मोठ्या डोक्याच्या रोगात आईबाप दोघेही निरोगी असतात, दोघांकडे एकेक नादुरुस्त प्रत असते, आणि दोन्ही नादुरुस्त प्रती मिळालेले मूल आजारी पडते. म्हणजे एकट्या आईचा दोष कधीच नसतो. एसएमएची अशी प्रत साधारण पन्नासांत एकाकडे असते असे धरू. ज्याच्याकडे ती आहे त्याने परक्या घरात लग्न केले तर जोडीदाराकडेही ती असण्याचा संभव पन्नासात एक. सख्ख्या चाचाच्या किंवा खालाच्या मुलीशी केले तर आठात एक. अशा जोडप्याच्या दर बाळाला धोका चारात एक, म्हणून एकीकडे दोनशेत एक, दुसरीकडे बत्तिसात एक. भाऊबंदांत लग्न केलेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले धडधाकट असतात हेही तितकेच खरे. आणि हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या हिंदू शेजाऱ्यांत जुनी आहे, इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिची तपशीलवार नोंद केली आहे. आपल्यात अशा नात्याला इजाजत आहे, सक्ती नाही. ज्या खानदानात एखादे मूल अशा रोगाने गेले आहे, तेथे दुसरी सोयरीक घरातच जमवण्याआधी रक्ताची तपासणी करावी, एवढेच माझे म्हणणे. विचारपूस करायला आधी अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. दुर्मिळ रोगांसाठी केंद्राने नेमलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि २०२१ च्या धोरणाखाली तेथे ठरावीक रोगांसाठी आर्थिक मदतीची सोयही झाली.

जाताना सोबत एक कागद न्यावा. पुष्कळ घरांत शजरा जपलेला असतो, परंतु त्यात बाप, दादा, परदादा यांचीच नावे असतात. डॉक्टरला लागतो तो शजरा निराळा. त्यात परळीला दिलेली फुफी हवी, मराठवाड्याबाहेर गेलेली खाला हवी, दुधात असताना गेलेली आणि नाव ठेवायलाही न मिळालेली मुले हवीत. कोणाचे लग्न कोणाशी झाले, हात कोणाचा आणि कोणत्या वयात थरथरू लागला, हे हवे. यांतले निम्मे घरातील वृद्ध बायकांनाच ठाऊक असते, तेव्हा कागद घेऊन आधी दादी-नानीजवळ बसावे.